गुडघा मागं का वळत नाही? वाचकांचे प्रश्न, सांध्यांबद्दल

मागच्या अंकात म्हणलं होतं की सांध्यांबद्दल मनात जे काही असेल ते विचारा, आणि खरंच खूप जणांनी विचारलं. सगळे प्रश्न घेणं शक्य नाही, सारखे होते ते एकत्र केलेत. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं लिहिलंय म्हणून फक्त गाव देतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, रोज हात लावून सांधेच बघत असते, त्यामुळं शक्य तिथं तुम्हालाही स्वतःच्या अंगावर करून बघायला सांगणार आहे. वाचता वाचता करा, तरच कळेल.

प्रश्न (लातूर) : मॅडम, मी नीटची तयारी करतेय. सांध्यांचे प्रकार पाठ आहेत पण उदाहरण फिरवून विचारलं की चुकतंच. मनगट आणि मान यात तर दरवेळी गोंधळ होतो. सोपं करून सांगा ना.

उत्तर : पोरी, पुस्तक जरा बाजूला ठेव आणि स्वतःचा हात समोर धर. हाडांची टोकं एकमेकांत कशी बसलीत हे एकदा दिसलं की कोणता सांधा कुठं वळणार हे आपोआप कळतं, पाठ करावं लागत नाही.

कोपर वाकवून बघ. वाकतो, सरळ होतो, बस. दाराची बिजागरी जशी, तसा हा बिजागरीचा सांधा, बोटांच्या पेरांतले सांधेही तसेच. आता तळवा जमिनीकडं कर, भाकरी थापताना असतो तसा, आणि मग तोच तळवा वर कर, देवळात प्रसाद घेताना करतो तसा. काय फिरलं? बहुतेक पोरं म्हणतात मनगट. आता डाव्या हातानं उजवा हात मनगटाच्या चार बोटं वर घट्ट आवळून धर आणि परत फिरवून बघ. फिरतच नाही, फिरलं तर अगदी थोडंसं! कारण कोपर ते मनगट दोन हाडं आहेत, रेडियस आणि अल्ना. अल्ना आपल्या जागी राहतं आणि रेडियस त्याच्यावरून आडवं येतं. कोपराजवळ रेडियसचं गोल डोकं अस्थिबंधाच्या, म्हणजे हाडांना बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्याच्या, एका कड्यात बसलेलं असतं आणि त्या कड्यातल्या कड्यात ते फिरतं, हा झाला खिळीचा सांधा. कुलपात चावी फिरवताना, तव्यावरची भाकरी उलटताना हाच सांधा कामाला येतो. मनगट स्वतः वर-खाली होतं आणि डावीकडं-उजवीकडं होतं पण स्वतःभोवती फिरत नाही, म्हणून ते लंबगोल सांध्यात मोडतं.

मानेचं असंच आहे. घरी आजीचं जुनं जातं असलं तर वरची तळी उचलून बघ, खालच्या तळीला मधोमध खीळ दिसेल आणि वरची तळी त्या खिळीभोवती फिरते. मानेतला दुसरा मणका म्हणजे ॲक्सिस, त्याला वरच्या बाजूला दातासारखी खीळ असते, आणि पहिला मणका ॲटलस हा कड्यासारखा, तो त्या खिळीभोवती फिरतो. मान जेवढी वळते त्यातला जवळजवळ अर्धा भाग या एकट्या सांध्याचा आहे. पण नीट लक्ष दे, पेपरात इथंच फसवतात. ‘नाही’ म्हणताना ॲटलस आणि ॲक्सिसमधला खिळीचा सांधा चालतो, आणि ‘हो’ म्हणताना कवटी आणि ॲटलसमधला, तो खिळीचा नाही, तो लंबगोल आहे.

अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाला लागून जो सांधा आहे तो खोगीर सांधा. माळेगावच्या जत्रेत घोड्याचं खोगीर बघितलं असशील, स्वार त्यावर पुढं-मागं झुकतो, डावीकडं-उजवीकडंही झुकतो पण बसल्या जागी गरगर फिरू शकत नाही, अंगठ्याचं हाड मनगटातल्या ट्रॅपिझियम हाडावर तसंच बसलंय. यामुळंच अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला जाऊन भेटतो. एक प्रयोग कर, अंगठा चिकटपट्टीनं तळव्याला चिकटवून टाक आणि शर्टाचं बटण लावून बघ, मग एवढ्याशा सांध्याची किंमत कळेल. कापूस वेचणाऱ्या बायका दिवसभर याच सांध्यावर कमावतात आणि चाळिशी-पन्नाशीनंतर तिथंच दुखतंय म्हणून येतात.

मनगटातली लहान ८ हाडं आणि पायाच्या घोट्यापुढची हाडं एकमेकांवर नुसती सरकतात, ते सरकते सांधे. खांदा आणि खुबा उखळीचे, त्याचं पुढं येतंच आहे. अजून दोन गोष्टी वहीत लिहून ठेव. गळ्यातलं हायॉइड हे असं हाड आहे ज्याचा दुसऱ्या कुठल्याच हाडाशी सांधा नाही, ते स्नायू आणि अस्थिबंधांवर लटकलेलं आहे. आणि कानातल्या त्या तीन इवल्या हाडांमध्येसुद्धा खरेखुरे, वंगण असलेले सांधे आहेत.

प्रश्न (सेलू) : बाळाची टाळू धडधडताना दिसते. सासूबाई म्हणतात तेलानं भरली की बंद होते. हाड जोडलेलं नसतं का तिथं?

उत्तर : हो, जोडलेलं नसतं आणि ते चांगलंच आहे. कवटीची हाडं ज्या शिवणींनी जोडलेली असतात ते अचल सांधे, मोठ्या माणसात ते हलत नाहीत. पण बाळाला आईच्या अंगातून बाहेर यायचं असतं आणि पुढं मेंदू झपाट्यानं वाढायचा असतो, म्हणून तिथं मऊ पडदा ठेवलेला असतो. मागची टाळू २-३ महिन्यांत भरते, पुढची साधारण १२ ते १८ महिन्यांत, कुणाची थोडी उशिराही. तेल हलक्या हातानं लावा, काही बिघडत नाही, पण ती तेलानं बंद होत नाही, हाड वाढून होते. धडधड दिसणं नॉर्मल आहे. मात्र जुलाब-उलटीत टाळू खोल गेलेली दिसली किंवा ताप असताना बाळ शांत असूनही फुगून ताठ झालेली दिसली तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.

प्रश्न (परळी) : माझी नात दोन वर्षांची. रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरून वर उचललं तर एकदम किंचाळली आणि तेव्हापासून हात हलवंना गेली. शेजारचे म्हणायलेत खांदा उतरला, चोळून घ्या. डॉक्टरांनी एका मिनिटात बसवून दिला. पण मला लई वाईट वाटायलंय. माझ्या हातून असं कसं झालं?

उत्तर : आजोबा, आधी मनातून ते काढून टाका. हे इतक्या घरांत होतं की आम्हाला आईबापानं ‘हात धरून उचललं’ एवढं म्हणलं तरी पुढचं कळतं. आणि तुम्ही चोळत बसला नाहीत, डॉक्टरकडं नेलंत, हे फार चांगलं केलंत.

खांदा उतरला नव्हता, कोपर होतं ते. वर लातूरच्या मुलीला सांगितलंय बघा, रेडियसचं गोल डोकं एका कड्यात बसलेलं असतं. एक ते चार वर्षांच्या लेकरांत ते कडं अजून सैल असतं, आणि हात सरळ असताना वरून हिसका बसला की कड्याचा काठ डोक्यावरून निसटून सांध्यात अडकतो. लेकरू मग हात अंगाशी धरून ठेवतं, कोपर जरासं वाकलेलं, तळवा आतल्या बाजूला, आणि हाताला हात लावू देत नाही. सूज नसते. जाणकार डॉक्टर हात विशिष्ट पद्धतीनं फिरवून वाकवतात, बारीकसा ‘टक्’ जाणवतो आणि पाच-दहा मिनिटांत लेकरू त्याच हातानं बिस्किट मागतं. पण पडून लागलं असेल, सूज असेल, हात वेडावाकडा दिसत असेल तर ते वेगळं, तिथं हाड मोडलेलं असू शकतं, आधी एक्स-रे. अशा वेळी कुणालाही चोळू किंवा ओढू देऊ नका, कोपराच्या पुढूनच हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नस जाते.

एकदा झालेल्या लेकराला परत होऊ शकतं, साधारण पाच वर्षांचं होईपर्यंत जपा. उचलायचं ते दोन्ही काखांत हात घालून. हात धरून गोल गोल फिरवायचा खेळ बंद, आणि स्वेटरची बाही काढताना मनगट धरून ओढायचं नाही.

प्रश्न (जालना) : वय ४८, शाळेत शिक्षिका आहे. चार महिन्यांपासून उजवा खांदा जाम झालाय. वेणी घालता येईना, फळ्यावर वरच्या ओळीत लिहिता येईना, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. एक्स-रे नॉर्मल आला. मग दुखतंय काय? खुबा पण उखळीचाच सांधा ना, तो कसा जाम होत नाही?

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न फार आवडला, कारण सगळं त्याच्यातच आहे.

खांदा आणि खुबा दोन्ही उखळीचे, पण उखळ-उखळीत फरक. खुब्याची उखळ खोल आहे, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात अर्ध्याहून जास्त आत बुडालेला असतो, भोवती शरीरातले सगळ्यात दणकट अस्थिबंध. आख्खं अंग पेलायचं म्हणून तो मजबूत, पण हालचालीला मर्यादा. खांद्याची उखळ ही उखळ कसली, बशी आहे. तुमच्या जालन्याचीच मोसंबी चहाच्या बशीवर ठेवून बघा, तसा दंडाच्या हाडाचा गोळा त्या उथळ खोबणीला टेकलेला असतो. म्हणून खांद्याइतकी मोकळीक शरीरात दुसऱ्या कुठल्याच सांध्याला नाही, आणि म्हणूनच मोठ्या माणसांत सगळ्यात जास्त निखळतोही खांदाच. मोसंबी बशीवरून घरंगळू नये हे काम भोवतीचे चार लहान स्नायू आणि सांध्याची पिशवी करतात.

आणि हात वर करण्यात एकटा खांद्याचा सांधा नसतोच. हात बाजूनं पूर्ण वर, कानाला लागेपर्यंत नेला की साधारण १८० अंश होतात, त्यातले ढोबळमानानं १२० खांद्याच्या सांध्यातून आणि ६० पाठीवरचं फऱ्याचं हाड फिरल्यामुळं. आरशासमोर उभ्या राहून बघा, तुमचा हात वर जाताना फरा आधीच उचलला जात असेल, जाम झालेल्या सांध्याची भरपाई तो करत असतो, म्हणून मान आणि पाठीचा वरचा भागही भरून येतो.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे फ्रोजन शोल्डर वाटतंय, बघून खात्री करावी लागेल. यात हाडाला काही झालेलं नसतं म्हणून एक्स-रे नॉर्मल येतो, ती पिशवी सुजून जाड होते आणि आकसते. सगळ्यात आधी हात बाहेरच्या बाजूला वळणं जातं. कोपर कमरेला चिकटवून दोन्ही हात पुढून बाहेर उघडा, दार उघडल्यासारखे. दुखरा हात मध्येच अडला, आणि दुसऱ्या हातानं ढकलूनही पुढं गेला नाही, तर शंका पक्की होत जाते. चाळीस ते साठ वयात, बायकांत जास्त, आणि शुगर असणाऱ्यांत तर फारच जास्त दिसतं. तुम्ही शुगर तपासली का ते लिहिलं नाही, ती या आठवड्यात तपासून घ्या.

सुरुवातीचे महिने दुखण्याचे, मग जाम राहण्याचे, मग हळूहळू सुटण्याचे, एक ते तीन वर्षं लागू शकतात हे ऐकून घाबरू नका, बहुतेकांचा पुष्कळ सुटतो. दुखणं जोरात असताना झटके देऊन ताणायचं नाही. टेबलाला टेकून पुढं वाकून हात लंबकासारखा सैल झुलवायचा, भिंतीवर बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, दोन्ही हातांत काठी धरून चांगल्या हातानं दुखरा हात हळूच बाहेर ढकलायचा. दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. इंजेक्शनची गरज आहे का ते ऑर्थोपेडिक डॉक्टर ठरवतील.

हे मी कळकळीनं सांगतेय कारण माझ्या आईचं मनगट मोडलं होतं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मायेपोटी तिला हात झोळीतून काढूच दिला नाही. प्लास्टर निघालं, मनगट छान जुळलं, आणि चांगला असलेला खांदा मात्र जाम होऊन बसला. तो सोडवायला दीड वर्ष गेलं. मी तेव्हा शिकत होते आणि तरी मला सुचलं नाही!

प्रश्न (धारूर) : आई-वडील ऊसतोडीला जातात. आईचं वय ५५, गुडघे दुखायलेत, उठताना आधार लागतो. एकजण म्हणले गुडघ्यातलं वंगण संपलं. भावाचा एक वेगळाच प्रश्न आहे, गुडघा मागं का वळत नाही, वाटीमुळं का?

उत्तर : भावाचं आधी घेते. वाटीमुळं नाही, वाटी तर पुढं आहे. कोपर मागं वळत नाही कारण तिथं हाडच हाडाच्या खोबणीत जाऊन अडतं. गुडघ्यात असं हाड नाही, तिथं मागची पिशवी आणि आतले-बाजूचे अस्थिबंध ताणून धरतात. आणि गुडघा नुसती बिजागरी पण नाही. सरळ होताना शेवटच्या थोड्या अंशांत नडगीचं हाड किंचित बाहेरच्या बाजूला वळतं आणि गुडघा कडी लावल्यासारखा बसतो, म्हणून आपण बराच वेळ मांडीला फारसा ताण न देता उभं राहू शकतो. वाकायच्या आधी मागचा एक लहान स्नायू ती कडी काढतो. बसून गुडघा वाकवलेला असताना पाऊल डावीकडं-उजवीकडं वळवून बघा, नडगी फिरते. पाय सरळ ताणून तेच करा, गुडघ्यात काहीच फिरणार नाही, फिरेल ते खुब्यातून.

आता आईचं. वंगण संपलं हे वाक्य मी रोज ऐकते आणि त्यानं लोक नुसते घाबरून बसतात. चांगल्या गुडघ्यातही ते पाणी थोडंच असतं, चमचाभरसुद्धा नाही, आणि झिजलेल्या गुडघ्यात बऱ्याचदा उलट जास्त होतं, तीच सूज. झिजते ती कूर्चा, हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. स्पंज दाबला की पाणी बाहेर, सोडला की आत, तसं चालताना वजन पडतं-उठतं तेव्हा तिला सांध्यातल्या द्रवातून अन्न मिळतं. म्हणून पूर्ण बसून राहणं हा इलाज नाही. पण उकिडवं बसून तासन् तास काम आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं, हे गुडघ्याला सोसत नाही. मला माहितीय की कोयत्याचं काम असं ‘करू नका’ म्हणून सुटत नाही. निदान मोळी चढवायचं काम आईकडं नको, सरी बदलताना दोन मिनिटं उभं राहून पाय झटकू द्या, आणि घरी चूल-भांडी होईल तेवढी ओट्याच्या उंचीवर आणा.

व्यायाम एकच सांगते, पण रोज. खुर्चीवर किंवा बाजेवर बसून एक पाय सरळ करायचा, मांडी घट्ट आवळून दहा आकडे मोजायचे, खाली. दोन्ही पाय, दहा-दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा पुढचा स्नायू दणकट झाला की गुडघ्यावरचा भार तो उचलतो. काठी घेत असतील तर दुखऱ्या गुडघ्याच्या उलट्या हातात, हे बहुतेक जण चुकीचं करतात. गुडघा अडकून बसतो, लाल-गरम होतो, किंवा रात्री झोप लागत नाही असं असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच पाहिजे.

प्रश्न (नांदेड) : बोटं मोडल्यानं सांधे खराब होतात का?

उत्तर : होतात असा पुरावा नाही. सांधा ताणला की आतल्या द्रवावरचा दाब एकदम कमी होतो, त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी चालू एमआरआयमध्ये बोट मोडून हे बघितलं. लगेच परत तेच बोट मोडत नाही, साधारण वीस मिनिटं जावी लागतात. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी तर ५० वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली आणि उजवा हात तुलनेला ठेवला. १९९८ मध्ये त्यांनी लिहिलं की दोन्हींपैकी एकाही हातात संधिवात नाही. एका माणसावरून सगळं ठरत नाही, तरी धीर येतो. आवाजासोबत दुखत असेल तर मात्र दाखवा.

प्रश्न (किनवट तालुका) : आमच्या वस्तीत बऱ्याच मोठ्या माणसांची पाठ-मान ताठ झालीय, खाली वाकता येईना. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. सगळे बोअरचं पाणी पितो. वात म्हणून गोळ्या घेतोय. बरोबर आहे का?

उत्तर : दादा, या अंकात मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या पत्राची वाटली. एका माणसाचं दुखलं तर वात म्हणू, वस्तीचंच दुखतंय आणि सोबत पोरांचे दात पट्ट्याचे, तर पहिला संशय पाण्यातल्या फ्लोराइडवर घ्यायचा. मराठवाड्यात काही ठिकाणी खोल बोअरच्या पाण्यात ते जास्त निघतं. वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडात साठतं आणि हाडांना बांधून ठेवणारे अस्थिबंध हळूहळू कडक होऊन हाडासारखे होतात. कण्यातले मणके एरवी थोडे थोडे सरकून पाठ वाकवतात, ते बांधले जातात, म्हणून पाठ ताठ.

पाण्यात फ्लोराइड लिटरमागं १ मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरं पाणीच नसेल तर जास्तीत जास्त दीड. उकळून ते जात नाही, पाणी आटून उलट वाढतं. तुरटी फिरवून, गाळून पण घरच्या घरी पुरेसं जात नाही. तुरटी आणि चुना ठरावीक मापात वापरायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनं काढलीय, पण ती माप जाणणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली करायची गोष्ट आहे. आरओनं कमी होतं. पावसाचं साठवलेलं किंवा तलावाचं शुद्ध केलेलं पाणी मिळत असेल तर प्यायला आणि स्वयंपाकाला तेच घ्या, बोअरचं धुण्याभांड्याला ठेवा. कडक झालेले सांधे पूर्ण परत येणं अवघड असतं, पण पाणी बदललं तर पोरांचं पुढचं वाचतं.

पाण्याचा नमुना काचेच्या नाही, स्वच्छ प्लास्टिकच्या लिटरभर बाटलीत घ्या, आधी त्याच पाण्यानं दोन-तीन वेळा विसळून. बोअर थोडा वेळ चालू ठेवून मग भरा, वर गावाचं नाव, कोणता बोअर आणि तारीख लिहा, आणि जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत द्या. प्रत्येक बोअरची बाटली वेगळी, कारण शेजारच्या दोन बोअरचं पाणीही वेगळं निघतं. रिपोर्ट आला की त्याचा फोटो मला पाठवा, ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज मी लिहून देते.